बेटाची वहिवाट

उत्तरेकडील एकाकी बेटांची छायाचित्रे पाहण्याचा आम्हांस नाद आहे. दिवसभर दाव्यांची कागदपत्रे चाळल्यावर रात्री ते कडे, तो समुद्र आणि ते पक्षी पाहिले म्हणजे मनास विसावा मिळतो. परंतु अशी पुष्कळ चित्रे पाहिल्यावर एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही : यांत माणूस का नाही?

स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी व शेटलंड या द्वीपसमूहांच्या मधोमध, फेअर आईल नावाचे बेट आहे. लांबी सुमारे पाच किलोमीटर, रुंदी तिच्या निम्मी. 2011च्या जनगणनेत तेथील वस्ती अवघी 68 होती. उन्हाळ्यात तेथे पफिन पक्षी बिळे करून राहतात. काळी पाठ, पांढरे पोट आणि रंगविल्यासारखी चोच असलेला हा पक्षी छायाचित्रकारांचा मोठा लाडका. हिवाळ्यात त्या चोचीचे रंगीत कवच गळून पडते. पण तेव्हा पफिन भर समुद्रात असतो आणि छायाचित्रकार आपापल्या घरी.

बेटावरची माणसे मात्र बेटावरच असतात. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. बोट समुद्राची मर्जी असेल तेव्हाच सुटणार, आणि परतल्यावर लाटांनी फुटू नये म्हणून तिला ओढून जमिनीवर घ्यावे लागणार. मेंढ्या राखाव्या, लोकर विणावी, शेजाऱ्याच्या हाकेस ओ द्यावी, असा तेथील दिनक्रम. चोवीस तास वीज आली तीही 2018 साली. यांतले फारच थोडे चित्रात उतरते.

याच देशाच्या पश्चिमेस सेंट किल्डा ही बेटे आहेत. समुद्रपक्षी पकडून त्यांवर गुजराण करणारे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत. त्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र 1886 सालचे आहे : गावातले पुरुष दिवसाचे काम ठरविण्यासाठी वाटेवर जमले आहेत. आगबोटींतून प्रवासी त्यांना पाहावयास येत आणि पाहून निघून जात. पुढे तरुण माणसे बाहेरदेशी गेली. नावा वल्हवण्यास पुरेसे हात उरले नाहीत. अखेर 29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेल्या 36 जणांनी स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडले. जाताना प्रत्येक घरात धर्मग्रंथ उघडून ठेवला आणि शेजारी मूठभर धान्य ठेवले, असे सांगतात. छायाचित्राने त्यांची स्मृती राखली. वस्ती राखली नाही.

फेअर आईलवरही तीच वेळ येण्याची चिन्हे होती. जॉर्ज वॉटरस्टन हा पक्षिवेडा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा कैदी होता. फेअर आईलवर पक्षिनिरीक्षण केंद्र काढावे, हा बेत त्याने त्या बंदिवासातच आखला. सुटकेनंतर त्याने बेट विकत घेतले, 1948 साली केंद्र सुरू केले आणि 1954 साली बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेच्या स्वाधीन केले. पक्षी पाहावयास येणारा पाहुणा तेथे राहतो, जेवतो, बोटीचे भाडे देतो. म्हणजे त्याच्या पाहण्याने बेटावरच्या चुलींस थोडाफार हातभार लागतो.

आम्हां वकिलांस येथे एक गंमत दिसते. 1957 पासून सेंट किल्डाही त्याच संस्थेच्या मालकीचे आहे. दोन्ही बेटांचा मालक एक, दोन्हीकडे पक्षी विपुल, दोन्हींची चित्रे सारखीच देखणी. तरी एका बेटावर संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात आणि दुसऱ्यावर गावाच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. फरक मालकीचा नव्हे, वहिवाटीचा आहे. मालकी कागदाने सिद्ध होते. वहिवाट रोज उठून करावी लागते.

ही गोष्ट देवस्थानांच्या मंडळींस निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. महाजनांच्या वहीत नावे शेकड्यांनी असतात. जत्रेस सारे येतात, पालखीची छायाचित्रे घेतात आणि ती दूरदेशी घराघरांत भक्तिभावाने लावली जातात. त्यात गैर काहीच नाही. परंतु जत्रा सरल्यावर, आषाढातल्या मुसळधार पावसात, नंदादीपात तेल घालणारा हात गावातच असावा लागतो. त्या हाताचे छायाचित्र सहसा कोणी घेत नाही. तो हात गावात टिकेल, त्याच्या घरची चूल पेटती राहील, एवढी तजवीज आपण दूर राहणाऱ्यांनी केली, तर आपले पाहणेही सेवेच्या खाती जमा होईल.