गैरहजर मुलाचा पत्ता

१९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. गावात बालवाडी सुरू झाली, पण पाड्यांवरची मुलं काही येईनात. या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी मुलांना न्हाऊ घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. आज देशभर ज्या अंगणवाड्या भरतात, त्यांची सुरुवात या पायपिटीत आहे.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर आलं आणि खरी परीक्षा तिथे झाली. वारली घरातलं सात-आठ वर्षांचं पोर म्हणजे कमावता हात. ते गुरांमागे जाणार, शाळेत कसं येणार? तेव्हा शिक्षक गुरांमागे गेले. गुरं चरताहेत, झाडाखाली मुलं बसली आहेत आणि पानं, बिया, खडे मांडून मोजणी चालली आहे. हीच ती कुरणशाळा. आणि ज्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरत, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ती विकासवाडी. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की पोरगी का येत नाही, याचं उत्तर त्यांनी तिच्या आळसात किंवा आईबापांच्या अडाणीपणात शोधलं नाही. ते त्यांना तिच्या कडेवर दिसलं.

कुंभवलीला ती कडेवरची मुलं आजही आहेत. तारापूर एमआयडीसीला खेटून असलेलं हे गाव. भाड्याच्या खोल्यांतून उत्तर प्रदेश, बिहारकडची कुटुंबं राहतात. आईबाप दोघंही पहिल्या पाळीला गेले की दीड वर्षाचं बाळ दहा वर्षांच्या ताईकडे. अंगणवाडीत शिकायला-बसायला जागा आहे ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याहून लहान बाळाला तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळणारं कुणी मिळत नाही. मग ताईची गैरहजेरी लागते. अशा वेळी शाळेतल्या एखाद्या बाई मधल्या सुट्टीत तिची खोली शोधत जातात आणि सांगतात, बाळाला घेऊनच ये. फळ्यावर भागाकार आणि कोपऱ्यात सतरंजीवर झोपलेलं बाळ, असा वर्ग मी पाहिला आहे. तो मला कुठल्याही डिजिटल वर्गापेक्षा पुढारलेला वाटला.

दुसरा अडसर कागदांचा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दुसऱ्या राज्यातला शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. पण हे परप्रांतातून आलेल्या बापाला कोण सांगणार? तो हातात टोपी धरून दारात उभा असतो. 'दाखला घेऊन या' एवढं म्हटलं की तो निमूट परत जातो आणि वर्ष बुडतं. 'आधी मुलाला वर्गात बसवा, दाखला आपण मागवू' असं म्हणणारा लिपिक शाळेत असेल, तर कायदा त्या दारापाशी जिवंत होतो. वर्गात न शिकवताही मूल शिकतं करणारी ही माणसं. त्यांच्याबद्दल आपण फार कमी लिहितो.

येणारे असतात तसे जाणारेही. भातकापणी उरकली की आदिवासी पाडे ओस पडू लागतात, माणसं वीटभट्ट्यांवर निघतात. नव्या गावी शाळा सुरू राहावी म्हणून मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायची सोय आहे. ते कार्ड नव्या गावच्या शाळेत पोचलं का, हे फोन करून विचारणं मात्र गुरुजींच्या मनावर.

अशा शिक्षकांना आपण ५ सप्टेंबरला शाल-श्रीफळ देतो. माझा आक्षेप इथेच आहे. त्यांची रिक्षाची भाडी, त्यांचे फोन, त्यांची मधली सुट्टी यांवर व्यवस्था तग धरते आणि त्यालाच आपण सेवाभाव म्हणून मोकळे होतो. ताराबाई-अनुताईंनी स्वतःची पायपीट कौतुकापुरती ठेवली नाही. बाळ आड येतंय हे कळल्यावर त्यांनी पाळणाघर बांधलं. कुंभवलीला कारखाने आहेत, ग्रामपंचायत आहे, कुठल्या खोलीत किती लहान मुलं आहेत हे ठाऊक असलेल्या अंगणवाडी सेविकाही आहेत. पाळीच्या वेळा धरून चालणारं एक पाळणाघर शाळेच्या आवारातच काढायला हवं, आणि त्याचा खर्च बाईंच्या पर्समधून होता कामा नये.