ओठ जुळेनात

पहिल्या टेकला ओठ जुळले नाहीत. दुसऱ्याला नाहीत, पाचव्यालाही नाहीत. ध्वनिमुद्रण बाईंचंच होतं, आदल्या आठवड्यात त्यांच्याच ओसरीवर केलेलं. ते स्पीकरवर लावलं की बाई ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि भलत्याच जागी शब्द उचलायच्या. मुलांनी हात जोडून सांगितलं, "आजी, त्या दिवशी गायलात तसंच गा ना." बाई म्हणाल्या, "तसं कसं गाऊ? ते त्या दिवशीचं होतं."

मी कॉलेजात माध्यमं शिकवते. दुसऱ्या वर्षाला संगीत-व्हिडिओचा प्रकल्प असतो. चार-पाच जणांचा गट, एक गाणं, चार मिनिटांची मर्यादा आणि सोबत एक टिपण. मूल्यमापनाच्या कागदावर एक रकाना असतो: प्रकाराचे संकेत पाळले, की त्यांना आव्हान दिलं? बहुतेक मुलं रॅप घेतात. भिंतीवरची चित्रं, मागे उभी दोस्तमंडळी, खालून लावलेला कॅमेरा, सगळं ओळखीचं असतं. त्या वर्षी एका गटानं लावणी घेतली, आणि मला मनापासून आनंद झाला.

शूटिंगआधी त्यांनी संकेतांची यादी केली. पहिला शॉट घुंगरांचा आणि मग पायांपासून वर चढत जाणारा कॅमेरा. नऊवारी, नथ, पदराचा फटकारा. फेटे उडवणारे, शिट्ट्या मारणारे पुरुष. ढोलकीच्या थापेवर कट. यादी चोख होती. मुलांनी तिचं मूळही शोधलं होतं. 1959 चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात 131 आठवडे चालला आणि तमाशापटांची लाट आली. 1972 मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'नं लावणीला रंग दिले. 2010 मध्ये 'नटरंग' आला, आणि आजच्या गणपतीच्या मंडपात, लग्नाच्या हळदीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात लावणी म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं तिथून उचललेलं आहे. मुलांना पाश्चात्त्य बाजूही ठाऊक होती. अँड्र्यू गुडविन यांनी 1992 च्या पुस्तकात संगीत-व्हिडिओची लक्षणं मांडली, ती त्यांनी पाठ केली होती: शब्दांचं दृश्याशी नातं, संगीताचं दृश्याशी नातं, कलावंताचे जवळून घेतलेले शॉट्स, बघण्याची भूक. मी त्या यादीला चांगले गुण दिले. आज देताना हात अडखळेल.

पहिला व्हिडिओ या यादीबरहुकूम झाला. आवाज बाईंचा, नाच वर्गातल्या एका मुलीचा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी राहणाऱ्या या बाई ऐन उमेदीत संगीत बारीत, म्हणजे तमाशाच्या गाण्या-नाचाच्या प्रकारात, गायलेल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या. मुलांनी कॉलेजच्या हॉलमध्ये धूर सोडला, लाल-पिवळे दिवे लावले. मंद गतीच्या शॉटसाठी गाणं दुप्पट वेगानं वाजवून त्या मुलीला तितक्याच वेगानं ओठ हलवायला लावले आणि सेकंदाला पन्नास फ्रेम टिपल्या. त्या पंचवीसच्या गतीनं दाखवल्या, की अंग तरंगतं आणि ओठ मात्र बरोबर शब्दावर असतात. ही युक्ती विशीतल्या मुलांनी पहिल्याच खेपेला साधली. साडेतीन मिनिटांत 94 कट होते. मला व्हिडिओ आवडला होता, हेही सांगायला हवं.

मग मुलं तो लॅपटॉपवर बाईंना दाखवायला गेली. मीही गेले. बाईंनी शेवटपर्यंत पाहिला. "पोरगी गोड नाचली," त्या म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "पण माझी ओळ कुठं पुरी होते ह्यात?"

बैठकीची लावणी म्हणजे काय, हे मी वर्गात दोन वाक्यांत सांगत आले होते. बसून गायची, अदा करायची, पेटी-तबल्याची साथ, पुढं झालं. वाईच्या यमुनाबाई वाईकरांचं नाव सांगायचे, 2012 ची पद्मश्री आणि 2018 मधलं निधन सांगायचे. त्या दोन वाक्यांत काय काय निसटतं, ते त्या दुपारी ओसरीवर दिसलं. बाईंनी पेटीवाल्या पुतण्याला बोलावलं आणि एकच ओळ घेतली. नवरा रात्री उशिरा घरी येतो, एवढंच त्या ओळीत होतं. पहिल्यांदा ती नवऱ्याला उद्देशून आली, त्यात धार होती. दुसऱ्यांदा सासू जागी आहे असं धरून, आवाज चोरून. तिसऱ्यांदा हसत, जणू मैत्रिणीला सांगताहेत. चौथ्यांदा दोन्ही हात मांडीवर, नजर खाली, आणि त्या ओळीतला नवरा येतच नाही असं वाटायला लागलं. पाचव्यांदा त्यांनी ओळ अर्ध्यावर सोडली आणि नुसतं दाराकडं पाहिलं. सहावी, सातवी मला लिहिता येणार नाही. आमच्यातल्या एका मुलानं डोळे पुसले. शब्द तेच होते, चालही तीच होती.

इथं दोन प्रकार समोरासमोर येतात. संगीत-व्हिडिओचा कायदा असा, की ओळ पुन्हा आली तर चित्र बदला, नाहीतर बघणारा उठून जाईल. बैठकीच्या लावणीचा कायदा असा, की चित्र तेच ठेवा, बाई तीच, जागा तीच, साडीही तीच, आणि तेवढ्यातून ओळ बदलून दाखवा. थापेथापेवर कट केला की हा दुसरा कायदा मरतो. अदा एका क्षणात घडत नाही. भुवई उचलण्याआधीचा थांबा आणि हात खाली येतानाची ढील मिळून ती होते. आमच्या 94 कटांनी नेमके थांबे कापून टाकले होते.

मुलांनी ठरवलं, बाईंवरच चित्रीकरण करायचं. ओठ जुळवायची खटपट त्यानंतरची. आधी मुद्रित केलेलं गाणं वाजवायचं आणि त्याबरहुकूम ओठ हलवायचे, हा संगीत-व्हिडिओचा सर्वांत मुळातला संकेत आहे. त्याच्यासाठी लोकांनी अफाट मेहनत घेतली आहे. 2002 मध्ये 'द सायंटिस्ट' या गाण्याच्या व्हिडिओत काळ उलटा जातो आणि ओठ मात्र सरळ शब्दांवर हलतात, म्हणून कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ख्रिस मार्टिननं सगळं गाणं उलट म्हणायला शिकून घेतलं. मुद्रित गाणं पक्कं आणि माणूस त्याच्यापुढं वाकायला तयार, असं हे शास्त्र. बाई वाकेनात, कारण वाकणं त्यांच्या कलेतच बसत नव्हतं. कालची जागा आज तशीच घ्यायची म्हणजे त्यांच्या लेखी चुकणं.

मग एकच वाट उरली: आवाज आणि चित्र एकाच वेळी टिपायचं. कॅमेरा एकच होता. दोन टेक एकमेकांना जोडायचे तर दोन्हींतलं गाणं सारखं हवं, आणि ते कधीच सारखं येणार नव्हतं. म्हणजे कट शक्यच नव्हता. कॅमेरा तिवईवर, बसलेल्या बाईंच्या डोळ्यांच्या उंचीला, एका जागी. गटातल्या एकानं विचारलं, "मॅडम, इतका वेळ कोण बघणार?" प्रश्न खरा होता. मला उत्तर सुचलं नाही. दिग्दर्शन करणारी मुलगी म्हणाली, "आपण बघितलं की."

टिपणात मुलांनी लिहिलं, आम्ही लावणीच्या संकेतांना आव्हान दिलं. मी तेवढं वाक्य परत लिहायला लावलं. आव्हान देणारे व्हिडिओ असतात. रिप्लेसमेंट्स या अमेरिकन बँडनं 1985 च्या 'बास्टर्ड्स ऑफ यंग' या गाण्यासाठी जवळजवळ सगळा वेळ एक स्पीकर दाखवला, बँडचा चेहरासुद्धा नाही. ते ठरवून केलेलं भांडण होतं. आमच्या मुलांचं तसं नव्हतं. त्यांनी पडद्यावरच्या लावणीचे संकेत सोडले, कारण त्याहून जुने आणि कडक संकेत त्यांना एका ओसरीवर सापडले. माझं मत असं, की विद्यार्थ्याच्या हातून होणारी बंडखोरी पुष्कळदा अशीच असते. कुणाचं तरी न मोडता येणारं ऐकावं लागतं आणि दुसरं काहीतरी आपोआप मोडतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी खरोखर मोडली. शिट्ट्या मारणारे पुरुष काढून टाकले. पडद्यावरच्या लावणीत ते पुरुष आपल्याला सांगत असतात, हिच्याकडं असं बघा. ते गेले आणि समोर फक्त लेन्स राहिली. बैठकीत बाई समोर बसलेल्या माणसाकडं बघून गातात, म्हणून त्या लेन्सकडं बघून गायल्या. त्या नजरेला नजर देताना आपण सावरून बसतो. लावणी गाणाऱ्या सुलोचनाबाई चव्हाण दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन स्टेजवर गात, हे मला त्या वेळी आठवलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी संकलनाच्या रकान्यात गटाला जवळजवळ काहीच दिलं नाही. कट नाहीत, मग संकलन कसलं, असं त्यांचं म्हणणं. व्हिडिओ सहा मिनिटं बारा सेकंदांचा, म्हणून मर्यादेचेही गुण गेले. मी भांडले, गुण बदलले नाहीत. तो निर्णय चुकीचा होता असं मला आजही वाटतं. कुठं कापायचं नाही हे ठरवायला त्या मुलांना पूर्ण एक व्हिडिओ कापून टाकावा लागला होता.

सातारा, अहिल्यानगर, सोलापूर, पुणे जिल्ह्यांत बैठकीची लावणी येणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत. तुमच्या ओळखीत कुणी असतील तर जा. आधी परवानगी विचारा, नीट बिदागी द्या, फोन तिवईवर लावा आणि त्यांची ओळ पुरी होईपर्यंत त्याला हात लावू नका.