पेठ आणि मोठे दालन

2012 साली केंद्र सरकारने अनेक ब्रँडच्या किरकोळ विक्रीत 51 टक्के परकीय भांडवलास अनुमती दिली, तेव्हा देशभरातील व्यापाऱ्यांनी बंद पाळला. त्या निर्णयात अटीही होत्या : राज्य शासनाची संमती हवी आणि तयार मालाच्या खरेदीपैकी 30 टक्के लघुउद्योगांकडून व्हावी. दार उघडावे, पण उंबरठा राखावा, ही रीत मला रास्त वाटते.

आज आमच्या गावाबाहेर एक मोठे दालन येऊ घातले आहे. परवानगीच नाकारावी, अशा मागणीच्या अर्जावर मी सही केली नाही. किराणा व्यापार हीच आमच्या घराची उपजीविका असल्याने अनेकांना याचे नवल वाटले. परंतु तूरडाळ स्वस्त मिळून मजुरी करणाऱ्या गृहिणीचे चार पैसे वाचत असतील, तर ते अडविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तोटा सोसून भाव पाडणे आणि पेठ ओस पडल्यावर ते चढविणे, ही मात्र स्पर्धा नव्हे. बाजारात वर्चस्व असलेल्यास असे करण्याची 2002 च्या स्पर्धा कायद्याने मनाई केली आहे. त्या कायद्याची अंमलबजावणी आपण अवश्य मागावी. मात्र वजनकाट्याची तपासणी आणि पक्की पावती हे नियम आपल्यालाही तितक्याच काटेकोरपणे लागू होतील, याची तयारी हवी.

ग्राहकाची अडचण ओळखून महिनाअखेरपर्यंत उधार देणारी वही मोठ्या दालनात नसते. व्यापारी बांधवांनी आपला भरवसा बंदीपेक्षा त्या वहीवर ठेवावा.