पावतीवर नाव नसतं

गाळ्याला नंबर असतो. नंबरामागे करार, करारामागे अनामत, साक्षीदार, मुदत आणि दर काही वर्षांनी होणारी भाडेवाढ. आठवडे बाजारातल्या जागेला यातलं काहीच नसतं. तिला असतो फक्त शेजार. माझी आत्या कुठे बसते असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं : लिंबाखाली, बोंबीलवालीच्या अलीकडे, दोरवाल्याच्या समोर. त्यातला लिंब तोडला गेला आणि पत्ता संपला.

आत्याचं गाव निमगाव केतकी. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं, पानमळ्यांचं गाव. शेवरी-हादग्यावर चढवलेल्या वेली, भर उन्हात आत शिरलं की अंगाला चिकटणारा ओला गारवा, आणि चपला बांधावरच काढून ठेवायची ताकीद. मामा लवकर गेले. मळा दिरांच्या वाट्यात राहिला, आत्याच्या वाट्याला बाजार आला. गुरुवारी बारामती, रविवारी इंदापूर. एसटीच्या टपावर पानांची करंडी, वर ओलं गोणपाट, आणि कंडक्टरशी लगेजवरून होणारी हुज्जत. दोघांनाही ती पाठ होती.

पान लावायची तिची तऱ्हा मी तासन् तास बघत बसायचो. अंगठा देठाकडून टोकाकडे एकदाच फिरायचा आणि पान कोणत्या ढिगात जायचं ते ठरायचं. कळीचं पान वर, फापडा खाली, डागाळलेलं बाजूला. ते बाजूचं विकायचं नाही, दात नसलेल्या म्हाताऱ्यांना कुटायला फुकट द्यायचं. लग्नाची सुपारी फोडायला कुणी पानं न्यायला आलं की मोजणीत दोन-चार जास्त पडायची. पोरीकडचे की पोराकडचे, एवढं मात्र ती विचारून घ्यायची. पोरीकडच्यांना आणखी दोन. आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की वाटेत निमगावला मुक्काम पडायचा, आणि त्या दिवशी पान विकायला ती साफ नकार द्यायची. "आज कोन इकतंय? आज वाटायचं."

तिचा बाजार काही फार सुखाचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पावसात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. बाईमाणसाला आडोसा नाही, म्हणून ती सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही आणि संध्याकाळी तिचं डोकं दुखायचं. व्यापारी संकुल आलं ते अशा गैरसोयी दाखवूनच, आणि त्या गैरसोयी खोट्या नव्हत्या.

संकुल कोणत्या गावचं, ते सांगण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात तालुक्याच्या कुठल्याही गावी ही इमारत तुम्ही पाहिलेली आहे : खाली गाळे, वर गाळे, मधोमध जिना, जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या, पहिल्या मजल्यावर निम्मी शटरं कायमची बंद. ती सगळीकडे सारखी दिसते याला कारण आहे. केंद्र सरकारने १९७९-८०मध्ये लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना काढली. मंडई बांधा, गाळे बांधा, भाड्यातून पैसा उभा करा आणि त्यातून पुढची कामं करा, असा तिचा हिशेब होता. पुढे १९९९मध्ये नगरपालिकांची जकात गेली. हक्काचं नाकं गेल्यावर गावाच्या मधोमध असलेली मोकळी जागा कोणत्याही मुख्याधिकाऱ्याला पैशासारखी दिसू लागणारच. सर्वसाधारण सभेत ठराव, आराखडा, मंजुरी, निविदा, जाहीर लिलाव. अमुक गाळे राखीव, तमुक खुले. नियमाला धरूनच सगळं होतं. हरकती-सूचनांची जाहिरातही पेपरात येते. आत्याला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते त्या दिवशी बाजारात माल विकत बसले होते.

लिलावाची बोली ऐकून आत्या हसली होती. "आरं, पानाला शटर कशापायी? पान काय पळून जातंय का?" मग जरा वेळाने म्हणाली, "पर माझ्याकडं पावत्या हायेत की."

पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली, सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. बाजारपट्टीच्या पावत्या. वसुलीचा ठेका घेतलेला माणूस दर बाजारी फाडून द्यायचा त्या. गुलाबी, पिवळ्या, काही इतक्या जुन्या की शाई उडालेली. लोक पावती पायाखाली टाकून देत. आत्याने एकही टाकली नव्हती. तो गठ्ठा घेऊन मी तिच्याबरोबर कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने आम्हाला बसवलं, चहा मागवला, आणि पावत्या खरंच एकेक करून पाहिल्या. तारीख होती, रक्कम होती, पुस्तकाचा नंबर होता. नाव एकाही पावतीवर नव्हतं. "आजी, ही त्या दिवसापुरती असते. सूर्य मावळला की संपली." तो बरोबर बोलत होता. म्हणूनच त्याच्यावर चिडताही येईना.

बाजार गावाबाहेरच्या पटांगणात हलला. लिंबाच्या जागी दुचाकी लागू लागल्या. आत्याने काही दिवस संकुलाच्या पायरीवर बसून पाहिलं, रखवालदाराने उठवलं. मग एका कापडदुकानदाराने आपल्या गाळ्यासमोर तिला हातभर जागा दिली. त्याच्या पोरीच्या सुपारीची पानं तिनेच दिली होती. पण तिथे दुपारचं ऊन थेट यायचं आणि पंख्याच्या झोताने पानं चुरमडायची. गोणपाट सारखं ओलं करायचं तर फरशीवर पाणी, आणि फरशीवर पाणी म्हणजे दुकानात येणाऱ्यांचा पाय घसरणार. दुकानदार काही बोलला नाही. तीच एक दिवस करंडी उचलून आली आणि पुन्हा गेली नाही.

संकुलामुळे आत्या गेली, असं मी म्हणणार नाही. तिचं वय झालं होतं. पण गुरुवार आणि रविवार गेल्यावर तिच्या आठवड्याला आकार राहिला नाही. वार विचारायची, आणि सांगितला की "बरं" म्हणायची. शेवटच्या दिवसांत उशाशी ठेवलेली विड्याची पानं अंगठ्याने उगाच लावत राहायची : कळी, फापडा, डाग. तिच्यामागे ट्रंक मी आणली. गठ्ठा तसाच आहे.

आपल्याकडे माणसाला उठवण्याची रीत नवी नाही. इंदापूर तालुक्यानेच उजनीच्या पाण्यात गावंच्या गावं जाताना पाहिली. १९८०मध्ये धरण पुरं झालं, आणि पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर दिसतं. त्या माणसांचं सगळं नीट झालं असं कुणी म्हणणार नाही. पण निदान गावांची, गटांची, खातेदारांची यादी झाली. भांडायला कागद होता. त्याच्याही कितीतरी आधी, पेठ वसवायची तर वसवणारा कौल द्यायचा. शेटे-महाजन असायचे, कोण कुठे बसतो आणि काय विकतो हे त्यांना ठाऊक असे. मालोजीराजांची गढी मिरवणाऱ्या इंदापुराला आणि मोरोपंतांना सांभाळणाऱ्या बारामतीला ही रीत परकी असायचं कारण नाही.

आता कायदाही आहे. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४मध्ये आला. आत्या तोवर गेली होती. आधी सर्वेक्षण, मग योजना, आणि विक्रेत्यांचे स्वतःचे प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती, असा त्याचा क्रम आहे. पन्नासहून अधिक वर्षं विक्रेते जिथे बसत आले तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, हे तत्त्व त्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा गठ्ठ्यातली सगळ्यात जुनी पावती शोधली.

बारामतीची हद्द आता जळोची, तांदुळवाडी, रुईपर्यंत गेली आहे. पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग झाला. त्याच्या कडेने पुढची संकुलं येणार. येऊ द्यात. सावली हवी, फरशी हवी, बायकांसाठी स्वच्छतागृह तर हवंच हवं. नगरसेवकांना माझी विनंती एवढीच आहे, की नकाशा सभेपुढे ठेवण्याआधी एक माणूस वही घेऊन बाजारात पाठवा. जमिनीवर बसलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, माल आणि किती वर्षं बसतो ते लिहून घ्या, आणि पावतीवर नावाचा एक रकाना छापा. बारामतीला त्यासाठी एक गुरुवार पुरेल, इंदापूरला एक रविवार.