गुडघे टेकणें

वसईच्या ख्रिस्ती घरांत मूल गुडघे टेकावयास फार लवकर शिकतें. नंदाखाल, निर्मळ, गिरिज, पापडी, कोणत्याही गांवीं जा. दिवेलागण झाली कीं घरचीं माणसें वेदीसमोर जमावयाचीं, रोझरी म्हणावयाची, आणि ती संपल्यावर लहानांनीं थोरांचा आशीर्वाद मागावयाचा, ही आमच्याकडील जुनी रीत. दूरचित्रवाणीनें ती पुष्कळ घरांतून हुसकून लावली. तरी ती अगदींच गेली असें नाहीं. संस्कार म्हणून जें कांहीं म्हणतात, त्याचा मोठा वांटा आम्हांस या अर्ध्या तासांतच मिळाला. ज्या बापानें दुपारीं डोळे वटारले, त्याच्यापुढेंच रात्रीं मुलाला मस्तक लववावें लागे, आणि बापालाही त्या मस्तकावर हात ठेवावा लागे. राग घेऊन निजणें दोघांसही कठीण होई.

परंतु त्याच घरांत, आणि शाळेंतही, गुडघे टेकणें ही शिक्षाही होती. पाढा चुकला, खोटें बोललों, कीं उघड्या फरशीवर गुडघ्यांवर उभें राहावयाचें. देवापुढें जें भक्तीनें करावयाचें तेंच अपराध्यानेंही करावयाचें, हें कोडें आम्हां मुलांस उलगडत नसे. रात्रीं रोझरीला बसलों कीं वाटे, आज आपण काय बरें केलें असावें?

छडीचा कैवार घेणारे बायबलांतील नीतिसूत्रांच्या १३ व्या अध्यायाचा आधार देतात. त्यावर कांहीं विद्वान म्हणतात, तेथील 'शेबेत' हा हिब्रू शब्द मेंढपाळाच्या काठीसही लागतो, आणि २३ व्या स्तोत्रांत तीच काठी धीर देणारी आहे. ही सोडवणूक गोड खरी, पण आम्हांस पुरती पटत नाहीं. त्याच नीतिसूत्रांच्या २३ व्या अध्यायांत मुलास मारण्याचीच गोष्ट आहे, आणि ती शब्दच्छलानें पुसतां यावयाची नाहीं. मात्र इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत संत पौलानें बापांनाच बजावलें आहे कीं मुलांना चिडीस आणूं नका. छडीचें वचन आमच्या वडीलधाऱ्यांस तोंडपाठ असे. हें दुसरें त्यांच्या तोंडून ऐकल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

इटलींतील तुरीन शहरीं अनाथ, उनाड पोरांस वाढविणारे डॉन बॉस्को यांनीं १८७७ सालीं आपली पद्धति लिहून काढली. मारणें, कान पिळणें यांबरोबरच मुलाला त्रास होईल असे गुडघे टेकावयास लावणेंही त्यांनीं साफ वर्ज्य ठरविलें. अशानें मूल चिडतें आणि गुरूही हलका ठरतो, असें त्यांचें म्हणणें. आपल्या देशांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षेस बंदी झाली, तीही शाळेपुरती. घराचा उंबरठा तें कलम ओलांडीत नाहीं.

आणि नवल असें कीं या धर्मांतच मुलावर केवढा विश्वास टाकला आहे! सात-आठ वर्षांचें पोर प्रथम कम्युनियनपूर्वीं पापनिवेदनास जातें. आपल्या चुका तें स्वतःच आठवतें, स्वतःच सांगतें. धर्मगुरु दोन प्रार्थना सांगून त्याला मोकळें करतात, आणि ऐकलेलें कोणासही, आईबापांसदेखील, सांगूं शकत नाहींत. चर्चच्या पायऱ्या उतरतांना तें पोर किती हलकें झालेलें असतें, हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस आम्ही काय सांगावें? एवढ्यांत आई त्याचा हात धरते आणि हळूच विचारते, "फादरना काय सांगितलंस रे?"