आज्जी, तुझा टॅटू दे ना!

आमच्या पुण्यातल्या ऑफिसात टॅटूची साथ आलीय. कुणाच्या मानेवर फुलपाखरू, कुणाच्या दंडावर महादेव. मला मात्र कॅटलॉगमधलं काहीच नको होतं. मला हवं होतं ते अहमदपूरच्या आज्जीकडे आहे. हातावर हिरवट तुळस, हनुवटीवर एकच टिंब. एकदम ओरिजिनल!

मग डिसेंबरअखेर सुट्टी टाकली आणि आज्जीला घेऊन माळेगावची जत्रा गाठली. नांदेडहून लातूरकडे निघालात की लोह्याच्या पुढे हे गाव लागतं. मार्गशीर्षाच्या शेवटी इथं खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल आणि भंडाऱ्यानं पिवळीधम्मक झालेली माणसं. लावणीही असते, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

गर्दीत एका पथारीवर गोंदणाचं दुकान होतं. फळ्यावर विंचू, मोर, बदाम, आणि बॅटरीवर गुणगुणणारं मशीन. आज्जीच्या वेळी मशीन कुठलं? दोन-तीन सुया एकत्र बांधायच्या, दिव्याच्या काजळीत बुडवायच्या आणि टोचत राहायचं. वरून हळद. ती काजळी कातडीच्या खालच्या थरात जाऊन बसते, म्हणून रंग हिरवा-निळा दिसतो आणि जन्मभर जात नाही. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं वर सोबत येतं, असं आपल्याकडच्या बायका म्हणतात.

मला हे सगळं भारी रोमँटिक वाटत होतं. म्हटलं, ''आज्जी, तू कसली कूल होतीस गं!''

''मला कुणी इचारलं व्हतं?'' आज्जी म्हणाली. ''सात-आठ वर्साची आसंन मी. दोघींनी हात धरले, एकीनं डोकं. लगीन व्हायच्या आधी पायजेच म्हणं. हनवटीला टोचलं तवा दोन दिस भाकर चावली न्हाई.''

मला काय बोलावं कळेना. तिच्या हनुवटीचे किती फोटो काढले असतील मी आजवर!

दुकानदार मात्र घाई करत होता. त्यानं नवी सुई दाखवली, पण शाईची वाटी सकाळपासूनची तीच. हेपटायटिस आणि एचआयव्ही अशा वाटीतूनही येऊ शकतात, त्यामुळे मी उठले. (तुम्हीही उठा. शिवाय टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात ठेवा.)

परत जाताना एसटीत आज्जीनं आपणहून हात पुढे केला. ''तुळस घे काढून. चांगली हाय. टिंब नको घिऊ.''

हलत्या गाडीत पेनानं तिकिटामागं उतरवली. पुण्यातल्या स्टुडिओनं ती जशीच्या तशी, एक फांदी वाकडी ठेवून, माझ्या मनगटावर काढली. दुखलं, पण भाकरी चावता आली.

किती पैसे पडले, ते आज्जीला अजून सांगितलेलं नाही.