उंबऱ्यावरच्या लेंड्या

गेल्या पावसाळ्यात जिन्यात पाय घसरला आणि उजव्या गुडघ्याने मला एकवीस दिवस घरात बसवलं. कोसाड आवासमधलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे खाली उतरणंच बंद. उकिडवं बसता येईना, म्हणून पिंजरा साफ करायला समोरच्या घरातली सातवीतली पोर येऊ लागली. त्या एकवीस दिवसांत तिला जे दिसलं, ते मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं. हे मला अजून खुपतं.

आमच्या सशाचं नाव ताका. मराठीत तागा, सुरतेच्या कापडबाजारात ताका. आणला तेव्हा न रंगवलेल्या कापडाच्या गुंडाळीसारखा दिसला, म्हणून हे नाव. ट्रेची सवय कशी लावायची, हे ससे पाळणाऱ्याला मी सांगायला नको. कोपरा तो निवडणार, आपण मुकाट ट्रे तिकडे न्यायचा; गवत ट्रेच्या डोक्यावर टांगायचं, कारण खाणं आणि हगणं तो एकाच बैठकीत उरकतो; ट्रे धुतला तरी मुताचा वास लागलेला चिमूटभर पेंढा परत आत ठेवायचा. ताका दीड महिन्यात शिकला. खस्सी केल्यानंतर तर मुताचा थेंब बाहेर नाही.

राहिल्या त्या लेंड्या. दिवसाच्या दोनशेच्या वर लेंड्या ट्रेमध्ये, आणि रोज सकाळी पाच-सात पिंजऱ्याच्या दारात, अगदी उंबऱ्यावर. कोरड्या, गोल, हरभऱ्याएवढ्या. कुणी मुद्दाम मांडून ठेवाव्यात तशा.

दोनशेत सात म्हणजे काहीच नाही, असं कुणीही म्हणेल. पण माझं लेंड्यांशी जुनं वाकडं आहे. 1994च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा आम्ही तापीकाठच्या झोपडीत राहायचो. वर्षाचं मूल कडेवर घेऊन भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत कसं चढले, ते मलाच माहीत. महिन्याने परतले ती डबे हलवून, बॅटरी मारून उंदराच्या लेंड्या शोधायची खोड घेऊनच. पुढे शहर धुवून निघालं. 2023च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या जोडीने देशात पहिली आली. शहराचा पहिला नंबर आणि माझ्या उंबऱ्यावर सात! खालच्या मजल्यावरची धुळ्याकडची म्हातारी पहिल्यांदा घरी आली ती दारातच थबकली, “हाई काय शे व माय, उंदीर?” मी तिला समजावलं, की ससा उंदराच्या जातीचा नाहीच, त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन बारके दात असतात, 1912 सालीच शास्त्रज्ञांनी त्याचा गण वेगळा काढला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लुगडं वर धरून भिंतीकडेने गेली.

मग काय काय केलं नाही? ट्रे उंबऱ्याशी सरकवला, तर सात लेंड्या ट्रेच्या कडेबाहेर. पिंजरा फिरवून दार भिंतीकडे केलं, तर लेंड्याही भिंतीकडे गेल्या. उंबरा व्हिनेगरच्या पाण्याने पुसला. एकदा हट्टाने फिनेल घातलं, त्या दिवशी सतरा! रोजचा आकडा लिहायला वही घातली. नवरा म्हणायचा, लूमवरचा शेठसुद्धा मीटरचा हिशेब इतका ठेवत नाही.

फिनेलवरून आठवलं. आमच्या भागात ससा पाळणारी निम्मी माणसं फिनेल ओततात आणि निम्मी जाळीच्या तळाचा पिंजरा आणतात. विकणारा सांगतो, घाण खाली पडते, काम संपलं. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, फक्त केस असतात. जाळीवर ते झिजतात आणि तळव्याला जखमा होतात. पिंजरा स्वच्छ, ससा लंगडा. व्हिडिओवाले त्याहून थोर. तीन दिवसांत ट्रे शिकवतात. तिसऱ्या दिवशी कॅमेरा बंद होतो, चौथ्या दिवसाचं कोण विचारतो?

आणि तो रजको! गाईंना घालायला रस्त्याकडेला पेंड्या मिळतात, लोक त्याच आणून मोठ्या सशाला रोज घालतात. आपल्याकडची लसूणघास ती. तिच्यात कॅल्शियम फार. ससा खाल्लेलं बहुतेक कॅल्शियम अंगात शोषून घेतो आणि नको असलेलं मुतावाटे टाकतो. मूत चुन्यासारखं पांढरं होतं, ट्रेवर खडू जमतो, आणि मग ट्रे घासून हात मोडले म्हणून बोंब. अर्धा तास व्हिनेगर घालून ठेवलं की तो खडू सुटतो. पण आधी रजको सोडा ना!

हे सगळं मला विचारायला लोक येतात, हे सांगताना मला बरं वाटतं, ते लपवत नाही. अमरोलीपासून उत्राणपर्यंत मी ‘ससावाली मावशी’. धागा-कटिंगच्या साड्यांचा गठ्ठा घरी पडून राहतो आणि मी रिक्षाने कुणाचा तरी ससा बघायला जाते. कुणाच्या सशाला लाल मूत झालं, घरात रडारड. मी विचारते, बीट घातलं होतं का? घातलेलं असतं. खाण्यातल्या रंगानेही मूत लाल होतं. घरभर हायसं होतं, चहा येतो. पैसे घेत नाही. चहाबरोबर जे मिळतं ते पैशाहून गोड लागतं. ससा मांडीवर घेऊन, कानामागे खाजवत मी म्हणते, “माझ्या ताकाचा एक थेंब बाहेर नाही.” थेंब नाही, हे खरंच. लेंड्यांचं मी बोलत नाही.

तर ती पोर. पंधराव्या दिवशी वही घेऊन माझ्या खाटेशी आली. “मावशी, पाचव्या दिवसापासून सगळी शून्यं आहेत.” मी म्हटलं, तू नीट मोजत नसशील. तिने मागची पानं उलटली. दिवाळीत आठ दिवस मी घरी होते, तेव्हा शून्य. लेकीच्या बाळंतपणात शून्य. हे आकडे माझ्याच हातचे, आणि मी ते कधी जोडून पाहिले नव्हते. “तुम्ही दुसऱ्यांचे ससे घेऊन येता,” ती म्हणाली.

मी हसले. तिने वाद घातला नाही. मैत्रिणीकडच्या सशाला जिच्यात गुंडाळलं होतं ती ओढणी आणली, ताकापुढे दोनदा झटकली आणि घरी गेली. सकाळी उंबऱ्यावर नऊ.

परक्या सशाचा वास आला की ससा आपल्या हद्दीवर लेंड्या टाकतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे मीच चार घरी सांगितलं आहे. ताका रोज मला हद्द दाखवत होता, आणि मी हद्दच पुसत होते. ज्या पदराने मी मावशी म्हणून मिरवून यायचे, त्याच पदराने घाण घरी आणायचे.

गुडघा आता बरा आहे. परवा उत्राणहून फोन आला, नवा ससा आहे, कोपरा धरत नाही. नाही म्हणायचं ठरवलं होतं. गेले. परतल्यावर मोरीत साडी बदलली, कोपरापर्यंत साबण लावला, मगच ताकाजवळ गेले. सकाळी उंबऱ्यावर चार लेंड्या.

पोर शाळेआधी वही बघायला येते. ती यायच्या आत मी त्या झाडून टाकल्या आणि तिच्या वहीत माझ्या हाताने शून्य लिहिलं.